नासलेल्या दुधाचा दोष कोणाचा? (लेखांक ७)

मागील लेखांकात कॉर्नवॉलच्या राक्षसकथांचा विचार झाला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या याच परगण्यात राक्षसांहून कितीतरी लहान, परंतु घरसंसाराशी अधिक जवळून निगडित अशा जीवांवर लोकांची श्रद्धा होती. रॉबर्ट हंट यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहात त्यांचे पाच वर्ग केले आहेत: निरुपद्रवी ‘स्मॉल पीपल’, गुप्तधनाची राखण करणारे आणि राक्षसांची भुते मानले गेलेले उग्र ‘स्प्रिगन’, खोडकर ‘पिस्की’, खाणीत वावरणारे ‘नॉकर’ आणि घरावर माया करणारी ‘ब्राउनी’. प्रत्यक्ष कथांत मात्र या सीमारेषा वारंवार पुसल्या जातात.

घरातल्या बारीकसारीक नुकसानीचा धनी बहुधा पिस्की. तबेल्यातले घोडे सकाळी घामाघूम आढळले आणि त्यांच्या आयाळीत गाठी दिसल्या, तर पिस्कींनी रात्रभर त्यांच्यावर रपेट केली असे समजत. रोजच्या पायाखालच्या शेतातून बाहेर पडण्याची वाट सापडेनाशी झाली, तर पिस्कींनी चकवा लावला असे म्हणत आणि अंगातला कोट उलटा करून घातला की तो सुटतो असे मानीत. काही घरांच्या आढ्यावर गोल गाठ असलेले कौल बसवीत, त्याला ‘पिस्की-पाउ’ असे नाव होते. पिस्कींना नाचायला ही जागा ठेवली नाही, तर दूध नासते अशी समजूत होती. मधमाश्यांचा थवा उठला, की गृहिणी भांडे वाजवून ब्राउनीला हाका मारी.

या सर्व खोड्यांत एक मर्यादा दिसते, आणि तीच या श्रद्धेची खरी किल्ली होय. पिस्कींच्या माथी येणारे नुकसान सहसा सोसण्याजोगे असते आणि त्यावर घरच्या घरी करता येणारा उपाय ठरलेला असतो. याउलट जनावरे एकामागून एक दगावू लागली किंवा घरातले माणूस कारणाविना खंगू लागले, तर संशय शेजाऱ्याच्या वाईट चिंतनावर जाई आणि लोक ‘पेलर’, म्हणजे करणी उतरवणाऱ्या जाणत्याकडे, धाव घेत. म्हणजे लहान अपघातांचा दोष माणसांवर न ढकलता तो अदृश्य खोडकरांवर सोपवण्याची सोय या समाजाने करून ठेवली होती, आणि लहान वस्तीत एकमेकांच्या आधाराने जगणाऱ्यांना तिचे मोल मोठे असले पाहिजे. दूध आंबण्यामागे सूक्ष्मजीव असतात हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासून दाखवून दिले. त्या ज्ञानाने कारण कळले, पण दूध नासल्यावर घरात कोणी कोणाला बोल लावायचा, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नव्हता.

पिस्की मदतही करतात. रात्री गुपचूप धान्य झोडपून देणाऱ्या फाटक्या पिस्कीला शेतकरी कृतज्ञतेने नवे कपडे देतो, आणि ते अंगावर चढवताच तो आनंदाने निघून जातो, तो कायमचाच; येथे मदत ही देणगी आहे, तिची परतफेड होताच संबंध संपतो.

कथिलाच्या आणि तांब्याच्या खाणींत मात्र ही मर्यादा टिकत नाही, कारण तेथे लहान अपघात असा नसतोच. लाकडी टेकूंच्या कुरकुरीतून आणि सरकत्या खडकातून येणारे ठोके नॉकर काढतात असे मानणारे खाणकामगार त्यांच्यासाठी आपल्या पेस्टीचा, म्हणजे मांस व भाज्या भरून भाजलेल्या पुडीचा, तुकडा मागे ठेवीत आणि खाणीत शिट्टी वाजवणे टाळीत. तेच ठोके कधी समृद्ध शिरेची खूण ठरत, तर कधी दरड कोसळण्याची पूर्वसूचना. एकोणिसाव्या शतकात खाणी बंद पडू लागल्यावर हे कामगार नॉकरांवरील श्रद्धेसह कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचले. त्या स्थलांतराचा विचार पुढील लेखांकात.