मूत्रमार्गाचा कर्करोग आणि किरणांचा इलाज

स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा. परंतु वर मूत्राशय, मागे योनीची भिंत आणि भोवती लघवी आवरून धरणारे स्नायू अशा नाजूक शेजारात तो वसलेला असल्यामुळे, तेथे कर्करोग उद्भवला म्हणजे शल्यवैद्यापुढे मोठा पेच उभा राहतो. गाठ समूळ काढावी तर प्रसंगी मूत्राशयालाही मुकावे लागते, आणि हात आखडता घ्यावा तर रोग मागे राहण्याचे भय.

हा रोग विरळा आहे, आणि विरळा असल्यामुळेच घातकही. कारण लघवीवाटे रक्त जाणे वा मूत्रमार्गाच्या मुखाशी गाठ लागणे ही लक्षणे ‘उन्हाळी लागली असेल’ असे म्हणून घरोघरी झाकली जातात, आणि संकोचापायी मोलाचे महिने वाया जातात, याचे मला अतीव दुःख वाटते.

मूत्राशय राखून रोगाचा नायनाट करण्याची उमेद किरणोपचारात आहे. बाह्य टोकाचा रोग बहुधा जांघेतील लसिकाग्रंथींकडे आणि आतल्या भागाचा ओटीपोटातील ग्रंथींकडे पसरत असल्याने, किरणांचे क्षेत्र त्या हिशेबाने आखतात. आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटे, असा बाहेरून दिलेला मारा सुमारे पाच आठवडे चालतो. रोग वाढलेला असल्यास किरणांचा प्रभाव वाढावा म्हणून सिस्प्लॅटिनसारखे औषधही जोडीला देतात.

यानंतरचा टप्पा ब्रॅकीथेरपीचा, म्हणजे गाठीच्या आतूनच किरण देण्याचा. भूल देऊन, मूत्रमार्गात नळी ठेवून, तिच्या सभोवार गाठीतच पोकळ सुया रोवतात. मग सर्व माणसे खोलीबाहेर गेल्यावर तारेच्या टोकाशी बसविलेला किरणोत्सारी इरिडियम-१९२ चा इवलासा कण यंत्राच्या हुकमाने एकेका सुईत शिरतो, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि परततो. क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलेले रेडियम पूर्वी अशा कामी येई. त्याचे अर्धे तेज सरण्यास सोळाशे वर्षे लागतात, इरिडियमचे सुमारे ७४ दिवसांत सरते.

उपचाराच्या मुदतीत लघवीला आग होते, जांघेची कातडी काळवंडून सोलवटते. हे त्रास बहुतांशी काही आठवड्यांत शमतात. मात्र पुढे कित्येक महिन्यांनी लघवीची धार बारीक होऊ लागली, ती आवरेनाशी झाली वा योनीवाटे गळू लागली, तर मार्ग आकसल्याची किंवा योनीच्या भिंतीला आरपार छिद्र (फिस्टुला) पडल्याची शंका घेऊन, पुढील तपासणीची तारीख येण्याची वाट न पाहता, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ताबडतोब कळवावे.