क्रौंच आणि बाराशिंगा : जीवदयेची दोन रूपे

पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ यांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच आहे, तर सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे लांछन मृग. क्रौंच कुळातील एक पक्षी आणि मृगकुळातील एक प्राणी यांची आजची कथा जीवदयेविषयी बरेच काही शिकवून जाते.

राजस्थानातील फलोदीजवळचे खीचन हे गाव. मंगोलिया व मध्य आशियातून हिमालय ओलांडून हजारो कुरजां पक्षी हिवाळ्यात येथे उतरतात. क्रौंच कुळातील हा सर्वांत लहान पक्षी. गावातील जैन समाजाने त्यांच्यासाठी चुग्गाघर उभारले असून तेथे त्यांना नित्य धान्य घातले जाते. व्यापारानिमित्त दूरदेशी गेलेली कुटुंबेही त्यासाठी दान पाठवतात. २०२५ साली खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

मध्य प्रदेशातील कान्हाच्या बाराशिंग्याची कथा निराळी. कठीण भूमीवर वावरणारी ही उपजात जवळजवळ केवळ गवतावर जगते. शिकार आणि कुरणांचा ऱ्हास यांमुळे १९७० साली कान्हात अवघे ६६ बाराशिंगे उरले होते. त्यांना धान्य घालून उपयोग नव्हता. पाडसांना लपण्यासाठी उंच गवत हवे होते. म्हणून कुरणे राखली गेली, काही जनावरांना हिंस्र श्वापदांपासून जपण्यासाठी कुंपण घातले गेले आणि गावे अन्यत्र वसवली गेली. त्या गावकऱ्यांनी सोडलेल्या घरांचे ऋणही या यशावर आहे. आज हे कळप पुन्हा शेकड्यांत आहेत.

कुरजांला आपण आहार दिला. बाराशिंग्याला निर्भय निवारा लाभला. शास्त्रकारांनी आहारदानाइतकेच अभयदानही गौरवले आहे आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. खीचनमध्येही पोटभर दाणे टिपून उडालेला पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरू शकतो. तळी आटली तर चुग्गाघर असूनही त्याला सुरक्षित थारा उरणार नाही.

पर्युषणात जीवदयेच्या खात्यावर आपण उदारपणे रक्कम लिहितो. व्यापारी माणूस रुपयाचा विनियोग कसा झाला हे तपासल्यावाचून राहत नाही. तीच दक्षता येथेही हवी. चाऱ्याच्या व दाण्याच्या रकमेसोबत गावच्या तळ्यासाठी, गायरानासाठी, एखाद्या माळरानाच्या रक्षणासाठी काही वाटा निघाला, तर आपल्या दानात आहारासोबत अभयही असेल.