छातीचा फोटो, भाग ९ : फुफ्फुसाची नजर पैसेवारी

मागच्या आठवड्यात फुफ्फुसाच्या सोनोग्राफीचं कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. रविवारी सकाळी दाभाडीहून एका वाचकाचा फोन आला आणि तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे.

"काका, धुरकट काचेचं तुम्ही लिहिलं ते कळलं. पण एक सांगा. एकवीस साली कोरोनात आमच्या दादांचा सीटी स्कोअर सतरा आला होता आणि शेजारच्या अण्णांचा नऊ. एकाच जीपमध्ये घालून दोघांना जालन्याला नेलं, एकाच मशीनवर फोटो झाला. सतरावाले दादा आज सकाळीच शेतात गेलेत. नऊवाले अण्णा मात्र आठ दिवसांत गेले. मशीनच चुकलं म्हणायचं का?"

मशीनचा यात काही दोष नाही, असं मी लगेच सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, की हे उत्तर पुरेसं नाही. चाळीस वर्षं मी छातीचे फोटो काढले. सुरुवातीला डार्करूममध्ये डेव्हलपर आणि हायपोच्या टाक्यांत हात घालून, शेवटी सीटीच्या काचेमागे बसून. त्यातले एप्रिल २०२१चे तीस दिवस बाकीच्या सगळ्या वर्षांना भारी आहेत. बदनापूरहून जालन्याला पोचेपर्यंत सेंटरच्या जिन्यात रांग लागलेली असायची. फोटो झाला की नातेवाईक काचेवर टकटक करायचे. पेशंट कसा आहे, हे कुणी विचारत नसे. प्रश्न एकच, "साहेब, किती आला?" बारावीचा निकाल विचारावा तसा. फरक एवढाच, की इथे कमी मार्क पडलेला खूश.

रिपोर्ट देणं आमचं काम नाही, ते रेडिओलॉजिस्टचं. पण दिवसाला इतके फोटो डोळ्यांखालून गेले, की आम्हालाही अंदाज येऊ लागला होता. एकदा एका मुलाची दया येऊन मी काचेआडून हाताची पाच बोटं दाखवली. 'पाचच' असं समजून तो वडलांना घेऊन सरळ गावी निघून गेला, रिपोर्टसाठी थांबलाही नाही. त्या वडलांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. त्यानंतर मी हात खिशात ठेवायला शिकलो.

तर पंचवीसपैकी दिला जाणारा हा स्कोअर येतो कसा? उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, एकूण पाच. डॉक्टर एकेका खंडाचे काप खालीवर सरकवत पाहतात आणि त्याचा किती भाग धुरकटला किंवा पांढरा झाला, ते नजरेनं ठरवतात. काहीच नसेल तर शून्य. पाच टक्क्यांच्या आत असेल तर १. पाच ते पंचवीस टक्क्यांना २, सव्वीस ते एकोणपन्नासला ३, पन्नास ते पंचाहत्तरला ४, त्यापुढे ५. पाच खंडांची बेरीज म्हणजे स्कोअर. ही रीत कोरोनाच्या आधीची, सार्सच्या साथीनंतर पुढे आलेली. वुहानच्या डॉक्टरांनी २०२०मध्ये ती पुन्हा काढली आणि वर्षभरात ती बदनापूरच्या चहाच्या टपरीवर पोचली.

'नजरेनं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे शेतकऱ्याला हे समजावायला एक मिनिट पुरतं. ही फुफ्फुसाची पैसेवारी आहे. जुन्या लोकांची आणेवारी. गावात पीक किती आलं याचा अंदाज रुपयात किती पैसे असा मांडायचा. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू. पैसेवारीचे सगळे घोळ स्कोअरमध्ये जसेच्या तसे आहेत.

पहिला घोळ हिशेबाचा. स्कोअर पंधरा आला की घरचे लोक पंचविसानं भागून मोकळे व्हायचे, 'साठ टक्के फुफ्फुस गेलं'. आता बघा. पाचही खंडांना प्रत्येकी तीन मिळाले तर बेरीज पंधरा. पण तीन गुण सव्वीस टक्क्यांनाही आहेत आणि एकोणपन्नासलाही. म्हणजे पंधरा स्कोअरच्या त्या माणसाचं फुफ्फुस पाव बिघडलेलं असेल किंवा जवळजवळ निम्मं. साठ टक्के कुठल्याच हिशेबानं नाही. प्रत्येकी एक मिळून पाच आला, तर लोक म्हणणार वीस टक्के, आणि खरं बघायला गेलं तर ते पाचाच्याही आत. हा आकडा टक्केवारी नव्हेच. तरी त्या वर्षी बदनापूर तालुक्यात टक्केवारी न काढलेलं घर मला भेटलं नाही.

दुसरा घोळ गटांचा. दोन एकरांचा तुकडा आणि दहा एकरांचा मळा यांना सारखंच वजन दिलं तर गावची पैसेवारी कशी निघेल? स्कोअरमध्ये नेमकं तेच होतं. उजव्या बाजूचा मधला खंड सगळ्यांत लहान, पण त्यालाही पाचच गुण आणि खालच्या मोठ्या खंडालाही पाचच.

तिसरा मला सगळ्यांत जास्त खुपतो. गेल्या खेपेला आपण दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. एक धुरकट काच, जिच्यामागून रक्तवाहिन्या दिसत राहतात. दुसरा घट्ट पांढरा भाग, ज्यात त्या बुडून जातात. पीक पिवळं पडणं आणि पीक वाळून जाणं, एवढा हा फरक आहे. पंचवीसच्या या हिशेबात मात्र दोन्ही सारखेच. किती जागा व्यापली तेवढंच मोजायचं, किती दाट आहे ते नाही.

इथे इटलीच्या ब्रेशियाचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. २०२०च्या मार्चमध्ये तिथे हाहाकार होता आणि प्रत्येकाला सीटीत घालणं शक्य नव्हतं. तिथल्या रेडिओलॉजिस्टांनी साध्या एक्स-रेवर काम भागवलं. छातीचे सहा पट्टे पाडले, एकेका बाजूला तीन, आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण दिले. एकूण अठरा. गंमत अशी, की हे गुण व्याप्तीला नाहीत, दाटपणाला आहेत. नुसती जाळी दिसली तर एक, जाळीत पांढरे ठिपके भरू लागले तर दोन, पांढरं जास्त झालं तर तीन. त्या शहराचं लॅटिन नाव ब्रिक्सिया, म्हणून ब्रिक्सिया स्कोअर. मी जुना एक्स-रेवाला, माझा पक्षपात गृहीत धरा. पण ज्या तालुक्यात छातीचा फोटो गावातच निघतो आणि सीटीसाठी जीप करावी लागते, तिथे हा अठराचा हिशेब कुणी रुजवला नाही, याची मला हळहळ वाटते. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं सीटीचे दर बांधून दिले. सोळा स्लाइसच्या आतल्या मशीनला दोन हजार, चौसष्टपर्यंत अडीच हजार, त्यावर तीन हजार. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आपल्याच जिल्ह्याचे, त्यामुळे इकडे त्याचं कौतुकही झालं. दर परवडू लागल्यावर एक्स-रेला कोण विचारतो!

(कोरॅड्सबद्दल तिघांनी विचारलंय. ते वेगळं आहे. नेदरलँड्सच्या रेडिओलॉजिस्टांनी काढलेली ती खूण, 'हा कोरोना असण्याची शंका किती' एवढंच सांगते. कोरॅड्स ५ म्हणजे शंका दाट. फुफ्फुस किती बिघडलं, त्याच्याशी संबंध नाही.)

आता मुख्य मुद्दा, तारखेचा. नजर पैसेवारी निघते सप्टेंबरअखेर. त्या वेळी मूग निघालेला असतो, सोयाबीन पिवळं पडत असतं, त्यांचं काय ते दिसतं. तुरीचं काय दिसणार? आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ घ्या. ही लवकर येणारी, तरी दीडशे दिवसांच्या पुढेच. सप्टेंबरात ती नुसती हिरवीगार उभी. फुलोरा, धुई, शेंगा पोखरणारी अळी, सगळं पुढेच असतं. तेव्हाचा हिरवेपणा पाहून 'तूर छान' लिहिणाऱ्याला शेतकरी मनातल्या मनात हसतो.

कोरोनाचं फुफ्फुस तुरीसारखं होतं. लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत काढलेल्या सीटीत निम्म्याहून जास्त लोकांत काहीच दिसत नसे. सावली वाढत वाढत साधारण दहाव्या-अकराव्या दिवशी सगळ्यांत गडद होई, मग ओसरू लागे. म्हणजे तिसऱ्या दिवसाचा नऊ हा चढावरचा नऊ, आणि बाराव्या दिवसाचा सतरा बहुधा उतारावरचा. रिपोर्टवर फोटोची तारीख असायची. ताप कधी आला, ते त्यावर बहुतेक वेळा नसायचं.

आणि एवढं सगळं जुळवूनही फोटो सांगतो ते जागेचं. त्या जागेतून रक्तात प्राणवायू किती जातोय, ते बोटावरचा ऑक्सिमीटर सांगतो. त्याच एप्रिलमध्ये आरोग्य खात्यानं सहा मिनिटं चालण्याची चाचणी घरोघर सांगितली होती. सपाट जमिनीवर सहा मिनिटं चाला, साठीच्या पुढच्यांनी तीन. आधी आणि नंतर बोट तपासा. त्र्याण्णवच्या खाली गेलं किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त उतरलं, की दवाखाना गाठा. फुकटातली चाचणी, म्हणून तिला किंमत राहिली नाही. उलट स्कोअरचा धसका घेऊन, ऑक्सिजन चांगला असतानाही स्टेरॉइड सुरू केलेले लोक मी पाहिलेत. वास्तविक इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीनं जून २०२०मध्येच दाखवलं होतं, की डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे जीव वाचतात, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा होत नाही.

हे सगळं मनात जुळल्यावर मी दाभाडीला उलट फोन लावला. म्हटलं, लिफाफा आहे का अजून? होता, कपाटावर. तारीख २४ एप्रिल. ताप कधीचा, ते आम्ही सणांवरून काढलं. दादांना पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कणकण आली होती, म्हणजे १४ तारीख. फोटो अकराव्या दिवशी. अण्णांनी रामनवमीला देवळात सुंठवडा वाटला होता आणि अंग दुखू लागलं ते दुसऱ्या दिवशी, २२ला. फोटो तिसऱ्या दिवशी. दादांचा सतरा त्यांच्या दुखण्याच्या माथ्यावरचा, अण्णांचा नऊ सुरुवातीचा. अण्णा नक्की कशानं गेले, ते मी इथे बसून सांगणार नाही. त्यांना साखर होती, घरी परतल्यावर काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

"म्हणजे त्यांचा परत फोटो काढायला पाहिजे होता?" त्यानं विचारलं.

"फोटो राहू दे. रोज दोनदा बोट बघायला पाहिजे होतं. चालवून."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "गल्लीत ऑक्सिमीटर एकच होता, काका. अण्णांनीच आणला होता छत्रपती संभाजीनगरहून, तेव्हाच्या औरंगाबादहून. त्यांचा नऊच आला, म्हणून त्यांनी तो आमच्याकडे दिला, दादांसाठी."