पहिली सायकल घेताना

विचुंब्याहून पनवेल स्थानकापर्यंत रोज सायकलने जावे, असे चाळिशीत ठरवणारे अनेकजण दुकानात शिरताच २१ गिअर आणि पुढच्या शॉकअपला भुलतात. हा मार्ग जवळजवळ सपाट आहे. सहा-सात गिअरही पुष्कळ झाले. स्वस्त सायकलींतले शॉकअप तर वजन वाढवतात आणि पायांचा जोर वाया घालवतात.

पाहायचे ते फ्रेमचे माप. दांडीच्या दोहों बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर दांडी व जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर हवे. ते नसेल, तर रंग कितीही आवडो, ती सायकल आपली नव्हे. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा, एवढी सीट उंच असावी. नवशिक्यास मात्र पडण्याची धास्ती असते. त्याने आरंभी दोन्ही पाय टेकतील इतकी सीट खाली ठेवावी आणि तोल सावरू लागताच ती थोडी थोडी चढवावी. कायमची खाली राहिली, तर गुडघे दुखू लागतात आणि दोष मात्र वयाला दिला जातो!

पनवेलचा पाऊस ध्यानात घेऊन मडगार्ड खरेदीच्या वेळीच बसवून घ्यावेत. रिमवर दाबणारे ब्रेक भिजल्यावर उशिरा लागतात. डिस्क ब्रेक महाग, पण पावसात अधिक भरवशाचे.