मनगट उचललं की मूठ मिटते

आधी एक गोष्ट करून पाहा. कोपर टेबलावर टेकवा, हात उभा धरा आणि पंजा पुढच्या बाजूला लुळा पडू द्या. बोटं सैल, थोडी उघडी राहतील. आता बोटांना काहीही न सांगता फक्त मनगट मागे उचला. बोटं आपोआप आत वळतात, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. कारण बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट मागे गेलं की त्या ताणल्या जातात.

एवढ्याशा करामतीवर काही माणसांचं अख्खं आयुष्य चालतं. इथे भोपाळला, बाग सेवनियात, आमच्या गल्लीतल्या एका दादांना मी सकाळी पोहे खाताना पाहतो. मानेला दुखापत झाल्यापासून त्यांची बोटं हलत नाहीत. ते मनगट खाली सोडतात, बोटं उघडतात. मग चमच्याच्या दांडीवर हात नेऊन मनगट उचलतात आणि चमचा अंगठ्यात अडकतो. अशा हाताची बोटं फिजिओ मुद्दाम पूर्ण मोकळी करत नाहीत, थोडी आखडू देतात. ती फार सैल झाली तर पकडच जाईल! नेहमीच्या व्यायामाच्या अगदी उलट असलेलं हे शहाणपण मला कळलं, तेव्हा मी थक्क झालो.

मज्जारज्जू म्हणजे जेमतेम ४५ सेंटिमीटर लांबीची, करंगळीएवढी जाड दोरी. तिच्यात इजा कुठे झाली यावर सगळं ठरतं. मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघणाऱ्या नसा श्वासाचा पडदा हलवतात. सहावी पातळी शाबूत राहिली तर मनगट उचलता येतं. सातवीही राहिली तर कोपर जोरात सरळ करता येतं, म्हणजे हातांवर भार देऊन खाटेवरून खुर्चीत सरकता येतं. एका पातळीचा फरक, आणि दिवसभरात दुसऱ्याला किती हाका माराव्या लागतील ते बदलून जातं.

आपल्याला वाटतं, इजेच्या खालचं शरीर झोपलं. ते झोपत नाही. मेंदूशी संपर्क तुटलेला मज्जारज्जू आपल्यापुरता कारभार चालवत राहतो. चादर पायाला घासली की पाय ताडकन उडतो. घरच्यांचे डोळे भरून येतात, ‘पाय हलला!’ पण ही मज्जारज्जूने परस्पर दिलेली प्रतिक्रिया असते, मेंदूपर्यंत निरोप गेलेलाच नसतो. हे त्यांना समजावून सांगणं फार जड जातं.

जे काम मेंदू न सांगता करायचा, ते आता घड्याळाकडे येतं. आपण खुर्चीत सतत चुळबुळतो, झोपेत कूस बदलतो. दादांना दर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासाने आठवणीने पुढे वाकून किंवा कलून बुडावरचा भार हलवावा लागतो, नाहीतर कातडी आतून मरू लागते आणि दुखतही नाही. लघवी लागल्याचं कळत नाही, म्हणून दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा इजेच्या खाली घामच येत नाही. मग मानेवर ओला टॉवेल आणि हाताशी पाण्याची फवारणी.

प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय पपायरसमध्ये अशा दुखापतीला ‘उपचार न करण्याजोगा आजार’ म्हटलं होतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही बहुतेक जखमी शय्याव्रणांनी आणि लघवीच्या संसर्गाने जात. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमान यांनी रुग्णांना दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायला लावलं. या साध्या हट्टाने माणसं जगू लागली. मग गुटमान यांनी रुग्णांना खेळायला लावलं, त्यातून पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडिस यांनी दाखवलं की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली, तरी चालतं; वेळेवर घालणं महत्त्वाचं. म्हणजे हे काम घरी, स्वतःच्या हाताने करता येऊ लागलं. त्याच वर्षी हायडेलबर्गला सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झालेला हा जवान भारताचा पहिला पॅरालिम्पिक सुवर्णपदक विजेता ठरला. पदक सगळ्यांना आठवतं. मला त्यामागची, वेळच्या वेळी पाळलेली हजारो कामं दिसतात.

आता एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, इजेच्या वर घाम फुटला, तर खाली काहीतरी बिघडलंय: मूत्राशय तुंबलंय, नळी दुमडलीय, पोट साफ नाही, कदाचित पायाचं नख रुतलंय. खालून ओरड होते, मेंदूचा आवर तिथे पोचत नाही आणि रक्तदाब उसळतो. अशा वेळी माणसाला आडवं करू नका. ताठ बसवा, पट्टे-कपडे सैल करा, आधी नळी आणि मूत्राशय तपासा, आणि लगेच बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. तिथे १३० रक्तदाब पाहून कुणी ‘नॉर्मल आहे’ म्हणालं, तर ठामपणे सांगा, की यांचा रोजचा वरचा आकडा ९० ते ११० च्या आसपास असतो.