किण्वाचा ताल आणि जनुकांचा अधिकार

जनुके हुकूम सोडतात आणि पेशी तो निमूटपणे पाळते, अशा थाटात हा विषय वर्गांतून बहुधा सांगितला जातो. तो थाट अपुरा आहे, असे आम्हांस वाटते. आणि त्याची उत्तम साक्ष किण्व, म्हणजे यीस्ट, देते. (गोव्याचे पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पाव फुगवीत, त्या सुरेतला कर्ता जीव हाच.)

किण्वास भरपूर साखर मिळाली तर ते वाढतच सुटते. परंतु पात्रात ते दाट वाढवून काही काळ उपाशी ठेवले, आणि मग ग्लुकोजचा अगदी बारीक ओघ अखंड चालू ठेवला, की निराळेच दृश्य दिसते. पात्रातील असंख्य पेशी एकदम प्राणवायू ओढू लागतात, एकदम मंदावतात, आणि चार-पाच तासांनी पुन्हा तेच आरंभितात. अन्न एकसारखे येते, खाणारा मात्र तालात खातो! डॅलस येथील बेंजामिन तू, स्टीव्हन मॅकनाइट व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली दाखविले, की किण्वाच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांचे कार्य या आवर्तनाबरोबर चढते व उतरते. प्राणवायूच्या भरतीत प्रथिने घडविणारी जनुके जागी होतात. ती ओसरू लागली की डीएनएची नक्कल व पेशीविभाजन. मग साठवणुकीचा आणि जुने मोडून टाकण्याचा काळ.

हा ठेका धरतो कोण? जनुके, असे उत्तर चटकन् सुचते. पण साठविलेली साखर वा चरबी मोडली, की तिच्यापासून अ‍ॅसिटिल कोएन्झाइम-ए नावाचे द्रव्य तयार होते. त्याचा साठा वाढला म्हणजे त्यातील अ‍ॅसिटिल गट हिस्टोनांवर, म्हणजे डीएनएचा धागा ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावर, चिकटविले जातात. धागा तेथे सैल होतो आणि वाढीची जनुके वाचली जाऊ लागतात. वाढ सुरू झाली की साठा आटतो, आणि जनुके पुन्हा मिटतात. विश्रांतीच्या काळात पात्रात थोडे अ‍ॅसिटेट घातले, तर पेशी वेळेआधीच वाढीस लागतात. येथे तर अन्नानेच जनुकांस उठविले, असे म्हणावयास हवे.

म्हणून जनुकांस गौण लेखावे काय? मुळीच नाही. ते अ‍ॅसिटिल गट चिकटविणारे प्रथिन ज्यावरून घडते, ते जीसीएन-५ हे जनुक काढून टाकले तर ताल उमटतच नाही. जनुक साधन पुरविते, द्रव्य वेळ ठरविते. आणि ते द्रव्य घडविणारी विकरे पुन्हा जनुकांवरूनच येतात. धनी कोण आणि चाकर कोण, हे सांगता येऊ नये अशी ही देवघेव आहे.

२०१८ साली बंगळूरचे संदीप कृष्ण व सुनील लक्ष्मण यांनी हीच गोष्ट गणिताने मांडली. विश्रांती व वाढ या पेशीच्या दोन अवस्था, एका द्रव्याचे भरणे आणि सरणे, आणि एक अवस्था सोडून दुसरीत जाताना पेशी करते ती कांकू, एवढ्यावर आवर्तन उभे राहू शकते; आणि त्या द्रव्याच्या जागी अ‍ॅसिटिल कोएन्झाइम-ए चपखल बसते.