घरभाडे आणि महागाईचा आकडा

ज्वारीचा भाव दुकानात विचारला की कळतो. घराचा भाव कोणाला विचारायचा? घर एकदा घेतले की माणूस त्यात जन्मभर राहतो. म्हणून महागाईचा निर्देशांक काढताना घराची किंमत धरत नाहीत, महिन्याचे भाडे धरतात. काही खोल्या निवडायच्या आणि त्याच खोल्यांचे भाडे दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचे. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकासाठी लेबर ब्युरो हे काम करते.

आता हाच हिशेब परळ-लालबागला लावून पाहा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतल्या जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. चाळीतल्या खोलीची पावती वर्षानुवर्षे जवळपास तीच राहिली. पण गावाहून नवा आलेल्याला त्या भाड्यात खोली देतो कोण? त्याच्याकडे पागडी मागत. पागडी म्हणजे एकरकमी, बिनपावतीची रोकड. मालकाने ती घेणे त्या कायद्याने गुन्हा होता. मग ती भाड्याच्या रकान्यात यायची कशी? जवळ पागडी नसली, तर तो गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकी. ती अडचणही आकड्याला दिसत नाही.

समजा, शंभर रुपये खर्चात भाड्याचे पंधरा. बाकी पंचाऐंशी रुपयांचा माल शेकडा दहाने महागला आणि भाडे हलले नाही, तर निर्देशांक साडेआठच चढतो. गिरणी कामगाराचा महागाई भत्ता या निर्देशांकाला बांधलेला, तेव्हा दीड अंशाचा फरक थेट पगारात येई. आकडा खोटा होता असे मात्र नव्हे. जुन्या भाडेकरूला खरोखरच तेवढेच पडत होते. नव्याची गोष्ट निराळी. निर्देशांक सरासरी माणसाचा असतो, आणि तो माणूस कोणत्याच चाळीत राहत नाही! मुंबईच्या या निर्देशांकावर एकंदरीतच इतका असंतोष माजला, की १९६३ मध्ये राज्य सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

गावाकडचे काय? २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात शहरी कुटुंबाच्या शंभरातले २१.६७ घरासाठी होते. ग्रामीण भागासाठी तो रकानाच नव्हता. खेड्यात घर स्वतःचेच असते, हा त्यामागचा विचार. बदलीच्या गावी खोली घेऊन राहिलेल्या मास्तरांचे भाडे त्या ग्रामीण आकड्यात कुठेच नव्हते.